बॉनेटखालचं पाणी

गाडी गॅरेजला न्यायची नाही, तिच्यात काय बिघडलंय ते आपलं आपण शोधायचं, असा निर्णय प्रदीपराव केदारींनी एका मंगळवारी सकाळी दात घासता घासता घेतला आणि तेव्हापासून लोणावळ्याजवळच्या कुसगावातल्या त्यांच्या गल्लीला शांतता म्हणून लाभली नाही.

तसा त्यांना राग येणं साहजिक होतं. गाडी जुनी, पेट्रोलवरची, कार्ब्युरेटरची. थंडीत चोक ओढून सुरू करायची. रंग मुळात पांढरा. (आताचा रंग कुठला यावर घरात एकमत नाही.) पण इतक्या वर्षांत तिनं कधी दगा दिला नव्हता. वडगावच्या कचेरीत प्रदीपराव अव्वल कारकून. तिथे साहेब त्यांचं ऐकत नसत. घरी आई, म्हणजे भागूबाई, ऐकत नसे. बायको सारिका ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि मग तिला हवं तेच करायची. साऱ्या मावळ तालुक्यात एकच स्टीअरिंग त्यांच्या हातात होतं, ते या गाडीचं. आणि नेमकी तीच श्रावणाच्या तोंडावर रोज सकाळी रुसायला लागली.

किल्ली फिरवली की नुसतं कुर्रर्र. पुन्हा कुर्रर्र. बॅटरी रडकुंडीला यायची, प्रदीपरावही यायचे. मग कधीतरी एकदम खोकून, धूर ओकून गाडी सुरू व्हायची आणि दिवसभर काही झालंच नाही अशा थाटात चालायची. संध्याकाळी वडगावहून निघताना एका किल्लीत सुरू! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कुर्रर्र.

फाट्यावरच्या हनुमंत मेकॅनिकनं आधी प्लग बदलले. मग कार्ब्युरेटर धुतला. मग बॅटरी बदलायला लावली. एवढं करूनही सकाळचं रडगाणं तसंच राहिलं तेव्हा त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "भाऊ, वय झालंय तिचं. आता इकून टाका."

"सकाळी उठायला वेळ लागतो म्हणून कुणी घरच्या माणसाला विकतं का रे?" असं प्रदीपराव ताडकन बोलले. (हनुमंतासमोर नव्हे. घरी येऊन, सारिकासमोर.)

"माझ्यावर कशाला ओरडताय? मी कुठे विका म्हणतेय?" सारिका म्हणाली.

हे मात्र खरं होतं. उन्हाळ्यापर्यंत ती रोज 'काढा हे धूड दारातून' म्हणायची. पण गेल्या पंधरवड्यात तिनं तो विषय काढला नव्हता. उलट परवा ती गाडीला फडकं मारताना दिसली होती. प्रदीपरावांना बरं वाटलं होतं. माणसाला माणसाची किंमत उशिरा कळते, गाडीची तर त्याहून उशिरा कळणार, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं.

तर मंगळवारी त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात, हे त्यांना कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. हवा लोणावळ्याची, म्हणजे तिच्यात खोट काढायला जागा नाही. एक प्लग काढून हुंगला तर तो पेट्रोलनं ओला. राहिली ठिणगी.

"सारिका, गाडीत बस. मी सांगितलं की किल्ली फिरव."

"आमटी आहे गॅसवर."

"असू दे आमटी! इथं गाडीच्या जिवावर बेतलंय."

सारिका बसली. प्रदीपरावांनी जाडजूड काळ्या वायरीजवळ हात नेला आणि "फिरव!" म्हणून हुकूम सोडला. पुढच्या क्षणी त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारचे भिकाजी टॉवेलावर बाहेर आले.

"आला का करंट?" सारिकानं आतूनच विचारलं.

"आला."

"कुठपर्यंत?"

"खांद्यापर्यंत!"

खांदा चोळत प्रदीपरावांनी विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. करंट तयार होत होता. पण प्लगपर्यंत जायच्या ऐवजी तो मधेच गळून प्रदीपरावांपर्यंत येत होता. म्हणजे वाटेत कुठेतरी ओल होती! त्यांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. (चारी प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणारी ही काळी वाटी.) आत पाण्याचे थेंब होते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून असतात, तसे. सारिकाच्या ओढणीनं त्यांनी टोपी पुसली, वायरी पुसल्या, किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली.

त्या दिवशी कचेरीत कामाला हात लागला नाही. प्रदीपरावांनी आपला शोध आधी शिपायाला सांगितला, मग साहेबांना, मग सातबाऱ्यासाठी आलेल्या एका आजोबांना. आजोबा शेवटपर्यंत ऐकत राहिले, कारण त्यांचा कागद प्रदीपरावांच्या हातात होता.

बुधवारी सकाळी किल्ली फिरवली. कुर्रर्र.

टोपी उघडली. आत थेंब.

आता मात्र प्रदीपरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी. खाली फरशी कोरडी. टप कोरडा, काचा कोरड्या, बॉनेट वरून कोरडं ठणठणीत. आणि पाणी कुठे, तर थेट पोटात! आदल्या दिवशी पुसलेल्या टोपीत सकाळी पाणी येतंच कसं? त्यांनी शिडी लावून पत्र्याच्या प्रत्येक खिळ्यावर डांबर थापलं. (थोडं डोक्याला लागलं. ते अजून निघालेलं नाही.) गुरुवारी सकाळी पाणी होतंच.

अशा वेळी माणूस शेजाऱ्याकडे बघतो. भिकाजींच्या छपराची पन्हळ केदारींच्या शेडच्या बाजूला उतरत होती.

"भिकाजी, तुमच्या पन्हळीचं पाणी माझ्या इंजिनात जातंय."

"अवो भाऊ, माझी पन्हळ तितं, तुमची गाडी हितं. पानी काय वळान घिऊन येतंय व्हय?"

"वाऱ्यानं येत असेल. तुषार उडत असतील."

"मंग टप कसा वला न्हाई?"

"ते मला विचारू नका! पाणी तुमचं आहे, तुम्ही सांगा!"

शब्दानं शब्द वाढला. पस्तीस वर्षांचा शेजार, पण प्रदीपराव हट्टाला पेटले होते. अखेर भिकाजींनी चिडून पन्हळ उलटी फिरवली, तर तिचं पाणी बरोबर त्यांच्याच मोरीच्या दारात पडायला लागलं. आता अंघोळीला जायचं तर आधी पन्हळीखाली अंघोळ करावी लागे. त्यांनी केदारींशी बोलणं टाकलं.

शुक्रवारी टोपीत पाणी होतंच.

या सगळ्या वैतागात घरात एक गोष्ट तेवढी सुधारली होती, ती म्हणजे प्रदीपरावांच्या पँटी. बाहेरच्या माणसाला यातलं सुख कळणार नाही. पर्यटक इथलं धुकं बघायला गाड्या भरभरून येतात, भजी खातात, फोटो काढतात आणि रस्ता अडवून परत जातात. त्याच धुक्यात इथल्या लोकांना चड्ड्या वाळवायच्या असतात, याचा विचार कुणी करत नाही. चार महिने कपडे वाळत म्हणून नाहीत. कपाटात बल्ब लावा, पंख्याखाली दोऱ्या बांधा, फ्रिजच्या मागे मोजे टाका, कुबट वास काही जात नाही. पंधरवड्यापूर्वी प्रदीपरावांचा बांध फुटला होता. "मी साहेबांसमोर ओल्या पँटीत बसणार नाही! काय वाट्टेल ते करा, सकाळी मला कोरडी पँट पाहिजे!" असं ते ताट सरकवून गरजले होते. आणि काय आश्चर्य, दुसऱ्या दिवसापासून पँट कोरडी! जराशी चुरगळलेली असे, पण कोरडी. पेट्रोलचा किंचित वास यायचा, तो त्यांच्या स्वतःच्याच हाताचा असणार. घरात आवाज चढवल्याशिवाय काही होत नाही, हा धडा त्यांनी कचेरीत दोन नवविवाहितांना दिलाही होता.

शुक्रवारी संध्याकाळी सारिकाचा भाऊ गौरव आला. याची गाडी बॅटरीवरची. तिला आवाज नाही, धूर नाही, आणि प्रदीपरावांच्या मते लाजही नाही.

"दाजी, सकाळी म्हणे तुमच्या गाडीच्या आवाजानं गल्ली उठते?"

"कोण म्हणालं?"

"फाट्यावर सगळेच म्हणतात. माझ्या ओळखीचा एक भंगारवाला आहे. चांगला माणूस आहे, येऊन घेऊन जाईल. तुमची दगदग वाचेल."

भंगार हा शब्द ऐकला आणि प्रदीपराव चहा टाकून उठले. "भंगार? माझी गाडी भंगार? रविवारी सकाळी घेऊन ये तुझ्या त्या माणसाला! पहिल्या किल्लीत सुरू झाली नाही, तर फुकट ने म्हणावं. फुकट!"

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. सारिका धावत बाहेर आली. "अहो, फुकट काय? भलतंच काय बोलता?" तिच्या मागोमाग भागूबाई. "परदीप, गाडी द्यायाची न्हाई हां. सांगून ठिवते."

सासू-सुनेचं आजवर आमटीतल्या मिठावरसुद्धा एकमत झालेलं नव्हतं. त्या दोघी गाडीसाठी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या बघून प्रदीपरावांना भरून आलं. पण शब्द गेला होता, आणि तो मेव्हण्यासमोर गेला होता. बायकोच्या भावासमोर टाकलेला शब्द गिळायचा म्हणजे पुढचे सगळे सणवार खाली मान घालून जेवायचं.

शनिवारी त्यांनी कंबर कसली. आता पाणी येतं कुठून हे शोधायला वेळ नव्हता, ते येऊच द्यायचं नाही. संध्याकाळी वडगावच्या बाजारात जाऊन त्यांनी नवीकोरी जाड ताडपत्री आणली. गाडी शेडमध्ये लावली, आत जाऊन चहा प्यायले, पोहे खाल्ले, थोडा वेळ पाठ टेकली. मग बाहेर येऊन त्यांनी गाडीचं तोंड ताडपत्रीत गच्च गुंडाळलं आणि वर सुतळीचे असे फास आवळले की खुद्द वाऱ्यालाही आत शिरायचं तर परवानगी काढावी लागली असती.

दारात सारिका आणि भागूबाई उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"अहो, एवढं गच्च कशाला? जरा सैल ठेवा ना."

"पाण्याचा एक थेंब जाता कामा नये!"

"आदी उघडून तरी बघायचंस," भागूबाई पुटपुटल्या.

"उघडलं की दमट हवा जाते आत. तुला नाही कळायचं त्यातलं, आई."

"व्हय," भागूबाई म्हणाल्या. "मला कुटलं कळतंय." आणि दोघी घरात गेल्या.

रविवारी गौरव भंगारवाल्याला घेऊन वेळेवर हजर झाला. गल्ली जमली. भिकाजी आपल्या ओट्यावर हाताची घडी घालून उभे राहिले. (ते बोलत नव्हते, पण बघणार नाही असं काही ठरलेलं नव्हतं.) त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी सरूबाई. प्रदीपराव ताडपत्रीकडे निघाले, तशी सारिका आडवी आली.

"मी सोडते ताडपत्री. तुम्ही पाहुण्यांना चहा द्या."

"मी? चहा?"

"परदीप, आदी आंगूळ कर," भागूबाई म्हणाल्या.

"अंघोळ नंतर!"

त्यांनी फास कापले, ताडपत्री ओढून काढली, ऐटीत गाडीत बसले, देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली.

कुर्रर्र.

गौरवनं हसू आवरण्यासाठी आभाळाकडे बघितलं. भंगारवाल्यानं टायरला लाथ मारून पाहिली.

"थांबा!" प्रदीपराव बाहेर आले. रागानं त्यांचे कान लाल झाले होते. "हिच्यात काडीचा दोष नाही! पाणी येतंय, बाहेरून पाणी येतंय, आणि कुणाकडून येतंय ते आज साऱ्या गल्लीसमोर दाखवतो!" असं म्हणत भिकाजींकडे एक जळजळीत कटाक्ष टाकून त्यांनी बॉनेट उघडलं.

आधी ओलसर, कुबट वास आला. मग सगळं स्पष्ट दिसलं.

एअर फिल्टरच्या डब्यावर प्रदीपरावांची करडी पँट पसरलेली होती, बॅटरीवर तपकिरी. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर मोजे ओळीनं बसलेले. एका बाजूला भागूबाईंची दोन पोलकी, दुसऱ्या बाजूला सारिकाचा कुर्ता. आणि डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर, अगदी त्याच्यासाठी शिवल्यासारखा, एक भलामोठा, गळ्याशी फाटलेला बनियन.

सगळी गल्ली टाचा उंचावून बघू लागली.

"हे काय आहे?" प्रदीपरावांचा आवाज चिरकला.

"कपडे," सारिका म्हणाली.

"ते दिसतंय मला! इथे का आहेत?"

"तुम्ही संध्याकाळी येता तेव्हा इंजिन गरम असतं. सकाळपर्यंत छान वाळतात. तुम्ही उठायच्या आत काढून घेतो आम्ही. काल तुम्ही बांधूनच टाकलंत."

"मला विचारायचं तरी!"

"तुम्ही बॉनेटवर नारळ ठेवू देत नाही दसऱ्याला."

आता भागूबाई पुढे झाल्या. "तूच बोंबललास ना, वली पँट घालनार न्हाई म्हून? मंग कुटं वाळवू, डोस्क्यावं? आमच्या पवनानगरला चुलीवं दांडी असायची, भर पावसात लुगडी वाळायची. तुज्या ह्या घरात चूल कुटं हाय? सगळ्या घरात ऊब म्हनावं ती येक गाडीलाच!"

"अगं आई, पण त्या कपड्यांतलं पाणी जातं कुठे?"

"उडून जातं."

"उडून कुठे?"

भागूबाईंनी पत्र्याकडे बोट दाखवलं. "वर."

प्रदीपरावांनी बनियन उचलला, टोपी काढली आणि आतले थेंब सगळ्यांना दाखवले. "हे बघ! हे वर! इथे जातं ते! आणि हा बनियन कुणाचा?"

ओट्यावरून भिकाजी उतरले, कुंपण ओलांडून आले. चार दिवसांत पहिल्यांदा बोलले.

"माझा हाय."

"सारिकाच म्हनली, जागा हाय म्हून," सरूबाईंनी तिकडूनच खुलासा केला.

"भाऊ," भिकाजी म्हणाले, "ह्याच्यापायी माझी पन्हळ फिरवायला लावली तुमी? चार दिस मोरीच्या दारात भिजतोय मी!"

"मग पाणी तुमच्याकडूनच येत होतं की नाही?" प्रदीपराव कडाडले.

भिकाजींनी त्यांच्या हातातला बनियन ओढून घेतला. ते आपल्या ओट्यावर परत गेले.

प्रदीपरावांनी कपडे बाजूला फेकले, टोपी पुसली, वायरी पुसल्या आणि किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली, आणि अशी गोड चालू लागली की भंगारवाल्यानंसुद्धा मान डोलावली.

"पण पहिल्या किल्लीत नाही झाली, दाजी," गौरव म्हणाला. "शब्द तुमचा होता."

हे प्रदीपरावांच्या डोक्यातून निघूनच गेलं होतं. त्यांनी गाडीकडे बघितलं. मग मेव्हण्याकडे. मग किल्ली काढून मुठीत घट्ट धरली.

आणि तेव्हा सारिका गाडीसमोर येऊन उभी राहिली. "गाडी कुठेही जाणार नाही, गौरव."

"न्हाई जायाची," भागूबाई तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"आमी हात लावू देनार न्हाई," म्हणत सरूबाईसुद्धा कुंपण ओलांडून आल्या. तिघींनी गाडीला पाठ लावून अशी फळी धरली की भंगारवाला आल्या पावली माघारी वळला. गौरवनं बहिणीचा चेहरा बघितला आणि मुकाट्यानं त्याच्या मागे निघाला.

प्रदीपरावांचे डोळे डबडबले. आयुष्यात त्यांच्या बाजूनं इतकी माणसं एकदम कधी उभी राहिली नव्हती. "सारिका," ते कसेबसे म्हणाले, "तुला गाडीबद्दल एवढं वाटतं, हे मला..."

"वाटणार नाही तर काय! पितृपंधरवड्यापर्यंत पाऊस आहे. ती गेली तर कपडे कुठे वाळवायचे?"

प्रदीपरावांचा पारा पुन्हा चढला. त्यांनी तिथेच फर्मान काढलं: आजपासून बॉनेटखाली रुमालसुद्धा जाणार नाही! गाडी ही गाडी आहे, वाळवणाचं मचाण नव्हे! सारिकानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि शांतपणे विचारलं, "मग उद्यापासून ओली पँट चालेल?"

रविवारभर प्रदीपराव शेडमध्ये गाडीभोवती फेऱ्या मारत राहिले. विचार करत होते.

सोमवारी सकाळी ते कोरड्या पँटीत एसटीनं वडगावला गेले.

आता घरात सगळं सुरळीत आहे. सकाळी गाडी दमट असते, तिला कुणी त्रास देत नाही. बायका वाळलेले कपडे उचलून बॉनेट उघडं टाकतात, दिवसभरात ती सुकते आणि संध्याकाळी एका किल्लीत सुरू होते. हनुमंत खोटा ठरला, गौरव खोटा ठरला, गाडीत काडीचा दोष नाही हे सिद्ध झालं. फक्त त्या वेळी प्रदीपरावांना कुठे जायचं नसतं. तरी ते जातात. एसटीतून उतरून, भिजलेल्या अंगानं, चहाही न घेता पर्यटकांच्या रांगेत लोणावळ्याच्या चौकापर्यंत जातात आणि वळून परत येतात. भिकाजी कधी विचारतात, "कुटं निगाला, भाऊ?" प्रदीपराव काच वर करतात.

परवा असेच ते फेरी मारून आले. शेडच्या दारात भागूबाई आणि सरूबाई बादल्या घेऊन उभ्याच होत्या. गाडी थांबल्याबरोबर भागूबाईंनी बॉनेटवर तळहात ठेवला, जरा वेळ अंदाज घेतला आणि मान हलवली.

"कोमट हाय रं. आज सरूची गोधडी हाय, येवढ्यानं न्हाई भागायचं. जरा घाट उतरून चढून ये."